उपचार संपल्यानंतरचा ताप

आज १५ फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. २००२ पासून जगभर हा दिवस पाळला जातो. आज रुग्णालयांच्या आवारात सोनेरी फिती लागतील, मुलांची गाणी होतील, बरी झालेली पोरे व्यासपीठावर उभी राहतील आणि खाली बसलेल्या आयांचे डोळे भरून येतील. या आनंदावर त्या कुटुंबांचा पुरेपूर हक्क आहे. दोन-अडीच वर्षे त्यांनी जे सोसले, ते इतरांना नुसते सांगून कळण्यासारखे नाही. तरीही आजच्या दिवशी आम्हाला बोलायचे आहे ते त्या व्यासपीठावर नसलेल्या मुलाविषयी. त्याची शेवटची गोळी काही महिन्यांपूर्वी संपली. केस पुन्हा आले, शाळेत जाणे सुरू झाले, नातेवाइकांना पेढे वाटून झाले. आणि गेले आठ-दहा दिवस त्याला संध्याकाळी बारीक ताप येतो आहे.

उपचार चालू असताना हाच ताप आला असता, तर घर तासाभरात हलले असते. किमो घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून सुरुवातीलाच एक गोष्ट घोकून घेतली जाते. थर्मामीटरचा पारा शंभराच्या वर गेला, की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही. रात्र असो, सण असो, थेट रुग्णालय गाठायचे. परळच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असलेली, कधी शाळेची पायरी न चढलेली आईसुद्धा लेकराचे ‘काउंट’, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, तोंडपाठ सांगते. काउंट पाचशेच्या खाली गेले म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागत नाही. पण ट्रीटमेंट संपली त्या दिवशी हा नियमही संपला, असे घरच्यांना वाटते, गावच्या डॉक्टरांना वाटते आणि खरे सांगायचे तर आपल्या आरोग्यव्यवस्थेलाही वाटते. मुलाची प्रतिकारशक्ती मात्र त्या दिवशी पूर्ववत झालेली नसते.

पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल औषध थांबल्यावर काही आठवड्यांत भरून येतात. रक्ताच्या रिपोर्टात तोच आकडा डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण लिम्फोसाइट नावाच्या पेशी, त्यांनी पूर्वीच्या आजारांची आणि लसींची जपून ठेवलेली आठवण, त्यांनी बनवलेली प्रतिपिंडे हे सारे परत यायला सहा-सहा महिने, कधी वर्ष लागते. काही लसी पुन्हा द्याव्या लागतात त्या याचसाठी. दुसऱ्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे बोलीभाषेत बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला तर सगळे लसीकरण पहिल्यापासून करावे लागते. नव्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटल्या, की ते शमवण्यासाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड द्यावी लागतात. अशा मुलाला शंभर दिवस उलटल्यानंतरही, आता धोका टळला असे सगळे म्हणत असताना, फुफ्फुसात बुरशी होऊ शकते.

ही बुरशी कुठून दूर देशातून येत नाही. अस्परजिलसचे बीजाणू शेणखताच्या उकिरड्यात असतात, कडब्याच्या गंजीत असतात, पाडलेल्या भिंतीच्या धुळीत आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या पोपड्यांमागे असतात. त्यांचा आकार दोन-तीन मायक्रॉन, त्यामुळे श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या अगदी तळाशी पोहोचतात. आपण सगळेच रोज असे कितीतरी बीजाणू आत घेतो आणि आपल्या पेशी ते निमूटपणे गिळून टाकतात. ज्या मुलाच्या शरीरात हे गिळणारे हात कमी पडतात, त्याच्या फुफ्फुसात बीजाणूला अंकुर फुटतो, त्याचा तंतू रक्तवाहिनीत घुसतो आणि पुढचा भाग रक्ताअभावी मरत जातो. सुरुवातीला छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. गाठ दिसते ती सीटी स्कॅनमध्ये.

कॅन्डिडाची गोष्ट निराळी आहे, आणि बालकर्करोगाच्या वॉर्डांत काम करणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. ही बुरशी एरवी आपल्या आतड्यात गुपचूप राहते. किमोमुळे आतड्याचे अस्तर सोलवटते, अँटिबायोटिकमुळे तिथले उपकारक जिवाणू मरतात आणि कॅन्डिडाला रक्तात शिरायला वाट मिळते. ती यकृतात, प्लीहेत जाऊन बसते. काउंट शून्याला टेकलेले असताना काही कळत नाही, कारण सूज यायला, पू धरायला ज्या पेशी लागतात त्याच शरीरात उरलेल्या नसतात. पुढे काउंट वर येतात, सिस्टर हसून रिपोर्ट हातात देतात, घरी जायची बांधाबांध होते, आणि नेमका तेव्हा ताप चढतो. नव्या पेशी बुरशीभोवती जमतात, पोट दुखू लागते आणि सोनोग्राफीत यकृतभर बारीक ठिपके उमटतात. या आजाराचे औषध महिनोन्‌महिने चालते. तेवढा काळ किमो थांबवली तर कर्करोग डोके वर काढतो, चालू ठेवली तर बुरशी. दोन्हींचा मेळ घालत पुढे जाणे हे अतिशय कौशल्याचे काम आहे, आणि ते तालुक्याच्या गावी होण्यासारखे नाही.

बरे होत आलेली मुले संसर्गाने दगावतात, हे वैद्यकाला फार पूर्वी कळले होते. १९४८ मध्ये बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिले, त्यांतल्या १० जणांचा आजार काही काळ माघारी गेला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले. त्याच वर्षी ते वारले. तोवर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेले मूल काही आठवड्यांचे सोबती मानले जाई. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झाले. तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देणारी उपचारपद्धती रचली आणि त्या दशकाच्या अखेरीला निम्मी मुले बरी होऊ शकतात असे दिसू लागले. रक्तात कर्करोगाची पेशी सापडत नव्हती, मुले खेळत होती. पण त्यांतली काही एकाएकी धापा टाकू लागत. न्यूमोसिस्टिस नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया त्यांना गाठत असे.

त्याच रुग्णालयातल्या वॉल्टर ह्यूज यांनी १९७७ मध्ये जे सिद्ध केले, ते बालकर्करोगाच्या इतिहासात फार मोठे आहे असे आम्ही मानतो. त्यांनी १६० मुले घेतली. निम्म्यांना कोट्रायमॉक्सॅझोल दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले. औषध न मिळालेल्या ८० पैकी १७ मुलांना हा न्यूमोनिया झाला. औषध घेतलेल्या ८० पैकी एकालाही नाही. आज किमोवरच्या मुलांच्या घरोघरी ‘सेप्ट्रान’ म्हणून ओळखली जाणारी, आठवड्यातले दोन-तीन दिवस द्यायची ती स्वस्तातली गोळी हीच. न्यूमोसिस्टिस ही मुळात बुरशी आहे, हे तर १९८८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले. नेहमीची बुरशीनाशके तिच्यावर फारशी चालत नाहीत, ही गोळी चालते. आणि ही गोळी किमो संपल्याच्या दिवशी थांबवायची नसते. डॉक्टर ती पुढेही काही महिने चालू ठेवायला सांगतात, ते लिम्फोसाइट परत येईपर्यंत. अनेक घरांत मात्र शेवटच्या किमोबरोबर तीही बंद होते. ‘आता कशाला पोराला औषधे’, असे म्हणणाऱ्या आजीचा त्यात काही दोष नाही. तिला त्या गोळीचे कारण कोणी सांगितलेलेच नसते.

गावाकडे परतलेल्या मुलाच्या तापाचे पुढे काय होते, ते महाराष्ट्रात काम करणाऱ्या कोणत्याही बालकर्करोगतज्ज्ञाला विचारावे. पहिले चार दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक. मग दुसरे अँटिबायोटिक. मग एक्स-रे, त्यावर एक डाग, आणि क्षयाची औषधे सुरू. क्षय आपल्याकडे घराघरांत आहे, त्यामुळे शंका चुकीची नसते; या मुलांना क्षयही होतोच. घात होतो तो खात्री न करता औषध सुरू करून दोन महिने वाट पाहण्यात. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन हे अस्परजिलसवरच्या व्होरिकोनॅझोलचे रक्तातले प्रमाण जवळजवळ नाहीसे करते. म्हणजे आधी चुकीचे निदान झाले, की नंतरचे बरोबर औषधही काही काळ निकामी ठरते. बुरशीच्या औषधांचा आणि किमोचाही असाच छत्तीसचा आकडा आहे. व्हिन्क्रिस्टिन चालू असलेल्या मुलाला कोणी खोकल्यासाठी किंवा तोंडातल्या चट्ट्यांसाठी अझोल गटातली बुरशीनाशक गोळी दिली, तर यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडतो, हातापायांतली शक्ती जाते, पोट फुगते, झटकेही येऊ शकतात. म्हणून हे उपचार ज्याने मूळ आजाराची फाइल पाहिली आहे त्यानेच ठरवायला हवेत.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला, तेव्हा बुरशी काय करू शकते हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. स्टिरॉइड, वाढलेली साखर आणि बुरशी हे तिघे एकत्र आले आणि लोकांचे डोळे, जबडे, जीव गेले. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरले. ल्युकेमियाच्या मुलांच्या वॉर्डांत हे त्रिकूट त्याआधीही होते आणि आजही आहे. उपचाराच्या पहिल्याच टप्प्यात मुलाला स्टिरॉइड मिळते, जोडीला अ‍ॅस्पराजिनेज मिळते, आणि दोन्हींमुळे साखर वाढू शकते. म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालत नाही; अ‍ॅम्फोटेरिसिन लागते, पुष्कळदा शस्त्रक्रियाही. त्या उन्हाळ्यात शिकलेले आपण किती लवकर विसरलो, याचे वाईट वाटते. औषधाचा साठा, नाकाची दुर्बिणीने तपासणी, प्रयोगशाळेत बुरशी ओळखणारी माणसे, हे सारे तेव्हा घाईने उभे राहिले होते. ते टिकवणे फार अवघड नव्हते.

२०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली. तीत १९ बुरशी आहेत. सर्वांत वरच्या गटात अस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडाच्या दोन जाती आहेत, त्यांतली कॅन्डिडा ऑरिस पुष्कळ औषधांना दाद देत नाही. त्याआधी २०१८ मध्ये याच संघटनेने, २०३० पर्यंत जगातली निदान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक वाचतात, गरीब देशांत अनेक ठिकाणी ३० टक्केही वाचत नाहीत. ही तफावत केवळ किमोच्या औषधांमुळे पडलेली नाही. निदान उशिरा होणे, उपचार अर्धवट सुटणे आणि संसर्ग, ही तिची मोठी कारणे आहेत. ज्या मुलाचा कर्करोग आपण हरवला, ते मूल त्यानंतर बुरशीने गमावणे हे आम्हाला त्यातले सर्वांत असह्य वाटते, कारण तोवर सगळ्यांनी आपापले काम केलेले असते.

बरे झालेल्या मुलांना विसरायचे नाही, हे मुंबईने फार लवकर ओळखले होते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ मध्येच स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला, त्यामागे डॉ. पूर्णा कुरकुरे यांची दृष्टी होती. मुलाचे हृदय कसे आहे, थायरॉइड, उंची, अभ्यास, मन कसे आहे, हे तिथे वर्षानुवर्षे पाहिले जाते. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट उभा राहिला. परगावच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे २००६ पासून स्वच्छ निवारा देत आहेत, आणि संसर्ग टाळण्यात स्वच्छ खोली व ताजे अन्न यांचा वाटा औषधाइतकाच असतो. ही कामे कौतुकाच्या पलीकडची आहेत. पण हे बहुतेक सगळे मुंबईत आहे, आणि मूल गडचिरोलीत, नंदुरबारात, सिंधुदुर्गात आहे. शेवटच्या किमोनंतरचे पहिले वर्ष ते जिथे काढते, तिथे त्याला ओळखणारे कोणी नाही.

ओळखणारे कोणी नाही याला आणखी एक कारण आहे. घरचे लोक आजार लपवतात. मूल बरे झाले की फाइल ट्रंकेच्या तळाशी जाते. शाळेत सांगत नाहीत, कारण इतर पालक आपल्या मुलांना त्याच्याजवळ बसू देणार नाहीत अशी धास्ती असते. मुलगी असेल तर पुढे लग्न जमायचे कसे, ही चिंता नऊ वर्षांच्या पोरीबाबतही केली जाते. मुळात मुलींना रुग्णालयापर्यंत आणले जाण्याचेच प्रमाण कमी, आणि बरी झालेली मुलगी पाठपुराव्याला नेणे म्हणजे गावाला पुन्हा आठवण करून देणे. मग ताप आल्यावर डॉक्टर विचारतात, ‘आधी काही मोठा आजार झाला होता का?’ आणि आई खाली बघून ‘नाही’ म्हणते. त्या एका ‘नाही’ने निदान महिनाभर लांबू शकते. आईला बोल लावून हे सुटणार नाही. कर्करोग संसर्गाने पसरत नाही आणि बरा झालेला माणूस बराच असतो, हे ज्या गावाला अजून पटलेले नाही त्या गावाने तिला गप्प बसवले आहे.

हे वाचून कोणी आईबापांनी मुलाला पुन्हा खोलीत कोंडू नये, म्हणून हेही स्पष्ट सांगितले पाहिजे: उपचार पुरे झालेल्या बहुतेक मुलांना असे काही होत नाही. त्यांनी शाळेत जावे, मातीत खेळावे, सुट्टीत मामाकडे जावे. कडब्याची गंजी हलवताना, घराचे पाडकाम चालू असताना, दिवाळीआधी भिंती खरवडताना पहिले वर्षभर मूल बाजूला ठेवावे, बुरा आलेली भाकरी-पाव देऊ नये, एवढे पथ्य पुरे. ज्यांचे ट्रान्सप्लांट झाले आहे, ज्यांना स्टिरॉइड चालू आहे, ज्यांचा आजार उलटला आहे किंवा ज्यांना उपचारात एकदा बुरशी होऊन गेली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. होऊन गेलेली बुरशी प्रतिकारशक्ती पुन्हा खालावली की परत उठू शकते, आणि हे पुढच्या डॉक्टरला कळायचे तर ते कुठेतरी लिहिलेले हवे.

हे ‘कुठेतरी’ आज फाइलीच्या दोनशे पानांत असते. तालुक्याच्या डॉक्टरकडे ती वाचायला वेळ नाही, आणि अनेकदा ती फाइलच त्याच्यासमोर येत नाही. आमचे म्हणणे असे, की उपचार संपताना प्रत्येक मुलाला मराठीत आणि डॉक्टरांना लागेल तेवढ्या इंग्रजीत एकाच पानाचे कार्ड मिळावे. कोणता कर्करोग, कोणती औषधे, रेडिएशन झाले का, प्लीहा शाबूत आहे का, बुरशी झाली होती का आणि कोणती, सेप्ट्रान कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या लसी कधी. त्याखाली ठळक अक्षरांत: पहिल्या वर्षात तीन दिवसांहून जास्त ताप टिकला, दम लागला किंवा नाकातोंडातून काळपट स्राव आला तर या क्रमांकावर फोन करा. आणि तो फोन उचलणारे माणूस हवे. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची रुग्णालये एकमेकांशी जोडलेली आहेत. महाराष्ट्रात नागपूर, पुणे, बार्शी इथे कर्करोगावर काम करणारी जाणती माणसे आहेत. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने तर १९८७ पासून खेड्यातल्या रुग्णांचा माग ठेवून दाखवला आहे. गावोगाव जाऊन नोंद ठेवता येते, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा.

राहिला पैशाचा प्रश्न. बुरशीची औषधे महाग असतात आणि ती लांबतात. व्होरिकोनॅझोल लहान मुलांच्या शरीरातून मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर पडते, म्हणून रक्तातले प्रमाण मोजत मात्रा ठरवावी लागते, आणि ती चाचणी मोठ्या शहरांपलीकडे सहसा होत नाही. त्या औषधाने उन्हात कातडी भाजते, तेव्हा शेतावरून शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सांगणारेही कोणी हवे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने गरीब घरांतल्या असंख्य मुलांना किमो मिळवून दिली. आता या योजनेने किमोनंतरच्या वर्षभरातला बुरशीचा संसर्ग हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग मानावा, घरी घ्यायच्या गोळ्यांसह आणि मुंबईच्या प्रवासखर्चासह. जिल्हा रुग्णालयात अशा मुलाचे सीटी स्कॅन रांगेविना व्हावे, आणि बुरशी शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन चाचणीसाठी रक्ताचा नमुना विभागीय प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय असावी. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाईल. दरवर्षी उपचार पूर्ण करून घरी जाणाऱ्या मुलांची यादी रुग्णालयांकडे नावानिशी, जिल्ह्यानिशी तयार आहे. आरोग्य खात्याने ती या महिन्यात मागवून घ्यावी आणि तरतूद त्या मुलांची संख्या समोर ठेवूनच करावी.